आज काय म्हावरं आलंय?
रायगडच्या किनाऱ्यावर जेवायला जाणाऱ्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

सुट्ट्यांचे बेत ठरू लागले की रायगडच्या किनाऱ्याविषयी प्रश्न येऊ लागतात, आणि त्यांतले बहुतेक जेवणाचे असतात. रेवस-मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या या पट्ट्यात कोळी, आगरी, भंडारी, माळी, कायस्थ प्रभू, चित्पावन, कोकणी मुसलमान, बेने इस्रायल अशी कितीतरी स्वयंपाकघरं एकाच पाण्यावर आणि एकाच तांदळावर वाढली. प्रत्येकाची चव आणि शिस्त वेगळी. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहे.

प्रश्न (नागपूर) : अलिबागला दोनदा जाऊन आलो. प्रत्येक हॉटेलात पापलेट, सुरमई आणि कोलंबी एवढंच मिळालं. इथले लोक खरंच रोज हेच खातात का?

नाही. पापलेट-सुरमई पाहुण्यांच्या ओळखीची, म्हणून ती फलकावर बारमाही असतात आणि बऱ्याचदा बर्फातून येतात. गावातल्या घरात सकाळी बंदरावर काय उतरलं यावर दुपारचं कालवण ठरतं. म्हणून हॉटेलात ‘काय काय आहे?’ असं विचारण्याऐवजी ‘आज काय म्हावरं आलंय?’ असं विचारा. म्हावरं म्हणजे मासळी. उत्तरात मांदेली, बोंबील, ढोमी, करंदी, जवळा, बोईट, तिसऱ्या, कालवं अशी नावं आली, तर तुम्ही योग्य ठिकाणी बसला आहात.

काय येणार हे चंद्रावर ठरतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं, त्याला कोळी भांग म्हणतात. या किनाऱ्यावरची जुनी मासेमारी डोल जाळ्याची. डोल म्हणजे पिशवीसारखं निमुळतं जाळं. ते खांबांना किंवा नांगराला बांधून, तोंड उघडं ठेवून प्रवाहात सोडतात. जाळं माशामागे धावत नाही, पाणीच मासा आत आणून सोडतं. साहजिकच उधाणाला ओढ जास्त, म्हणून बोंबील, मांदेली, जवळा भरपूर; भांगात डोलीला कमी. ओले बोंबील खायचे असतील तर कॅलेंडरवर सुट्टीसोबत तिथीही बघा. चिंबोऱ्यांचंही तसंच आहे. अमावास्येच्या सुमाराची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असं इथली जाणती माणसं सांगतात आणि खरेदी त्याच हिशोबाने करतात.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना आडाखाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. पंचमी असेल तर पंधराला चाराने भागून पावणेचार. म्हणजे साधारण पावणेचारला पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असो, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा असो की खडकावरून कालवं काढणाऱ्या बायकांना भेटायचं असो, हा हिशोब उपयोगी पडतो. किल्ल्यात जाताना मात्र तेवढ्यावर विसंबू नका, स्थानिकांना विचारूनच पाण्यात पाय घाला.

एक मासा मात्र मुद्दाम शोधून खा : जिताडा. खाडीच्या मचूळ पाण्यातला हा मासा. अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या खारेपाटात, शहापूर-धेरंडसारख्या गावांत, शेतकरी त्याची पिल्लं घराजवळच्या गोड्या पाण्याच्या तळ्यात सोडतात आणि वाढवतात. पाहुणे आले, सण आला की तळ्यातून काढायचा. मांस पांढरं, जाड, काट्यापासून सहज सुटणारं. समुद्राचा आणि शेतीचा असा मिलाफ ताटात क्वचित मिळतो.

प्रश्न (सोलापूर) : ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा पाट्या दिसतात. थेट जाऊन बसलं तर चालतं का? तिथे वागण्याची काही रीत असते का?

थेट जाऊ नका. सकाळी नऊ-दहापर्यंत फोन करून किंवा दारात जाऊन सांगून ठेवा : किती माणसं, शाकाहारी किती, तिखट कितपत, लहान मुलं आहेत का. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा, दिवेआगर, श्रीवर्धन या गावांत बहुतेक घरगुती खानावळी अशाच चालतात. तुमचा निरोप आल्यावर बाजार होतो, नारळ फुटतो, वाटण होतं. एकदा सांगितलं की वेळेवर पोचा, आणि बेत बदलला तर लगेच कळवा. न आलेल्या पाहुण्यांचं जेवण त्या घराच्या अंगावर पडतं.

वार जरूर विचारा. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा; ज्या घराचा जो वार असेल त्या दिवशी त्या चुलीवर मासे चढत नाहीत. श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर बऱ्याच घरांत नाहीच. उलट बुधवार, शुक्रवार, रविवार हे बाजाराचे जोरदार दिवस. शनिवार-रविवारच्या सहलीत पहिल्या दिवशी बिरडं-भात आणि दुसऱ्या दिवशी कालवण असा क्रम ठेवला, तर यजमानांचीही सोय होते आणि तुम्हाला दोन्ही चवी मिळतात.

ताटाचा क्रम असा : आधी तांदळाची भाकरी, तळलेला किंवा सुका मासा, मग भात आणि कालवण, शेवटी सोलकढी. भाकरी संपत आली की वाढणारी माणसं भाताचं विचारतात. पुढची भाकरी नको असेल तर तेव्हाच सांगा, कारण ती तव्यावरून थेट ताटात येते. मासळीच्या जेवणानंतर इथे दूध-दही घेत नाहीत, म्हणून ताक किंवा बासुंदी मागू नका. ती जागा सोलकढीची. कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध पोटाला शांत करतं.

घरात जेवत असाल तर चपला बाहेर, वाढून घेतलेलं संपवायचं, आणि डाव-पळीला उष्टा हात लावायचा नाही. वाढणाऱ्या बाई वयाने मोठ्या असतील तर ताई, काकी, आजी अशी हाक मारा. ‘मॅडम’ म्हणण्यापेक्षा ते इथे सहज रुळतं. उठताना जेवण कसं झालं ते सांगायला विसरू नका. त्या घरच्या बाईने पहाटेपासून मांडलेल्या कामाची ती पावती असते.

प्रश्न (ठाणे) : परदेशी मित्रांना घेऊन मुरूडला जाणार आहे. त्यांना हाताने जेवायला सांगावं का, की चमचा मागवावा?

चमचा मागितला तर मिळेल आणि कोणी वाईट वाटून घेणार नाही. पण काटेवाला मासा चमच्याने खाता येत नाही. काटा बोटाला आधी कळतो. मांदेली, बोईट, बांगडा खायचा तर बोटांनीच. मित्रांना आधी सुरमई किंवा जिताडा द्या, सवय झाली की बारीक मासळी.

पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात या देशातल्या हिंदूंच्या जेवणाच्या रीतींची नोंद केली आहे : लोक उजव्या हातानेच जेवतात, डावा हात अन्नाला लावत नाहीत, चमचा वापरत नाहीत, आणि प्रवासात प्रत्येकाचं स्वतःचं भांडं असतं. वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या आधीची ही नोंद आहे. तुमच्या मित्रांना चौल-रेवदंड्याच्या वाटेवर हे सांगा. त्यांच्या आधी इतक्या वर्षांपूर्वी एक परका प्रवासी याच किनाऱ्यावर उतरून हेच पाहून गेला, हे कळलं की ते हात धुऊन पुढे बसतील.

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागात कोकणी मुसलमानांच्या घरचं जेवण मिळालं तर जरूर घ्या. तांदूळ आणि नारळ तोच, पण हात वेगळा. तांदूळ-नारळाची वाफवलेली सांदणं मटणाच्या रश्शासोबत येतात. मुरूडचं संस्थान १९४८पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं होतं. इथल्या स्वयंपाकात कोकणाखेरीज अरबी समुद्रापलीकडच्या संबंधांचाही वाटा आहे. रमजानच्या महिन्यात मात्र दिवसा या घरांकडे जेवणाची विचारणा करू नका.

प्रश्न (पुणे) : पावसाळ्यात कोकण सुंदर दिसतं, पण तेव्हा मासे नसतात म्हणे. मग जावं का?

जावं, पण वेगळ्या जेवणासाठी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या अनेक जातींचा हा विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. कोळीवाड्यातली जुनी रीत त्याहून लांबची : नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही. या दिवसांत हॉटेलात मिळणारं पापलेट कुठून आणि कधी आलं, याचा विचार ज्याने त्याने करावा.

या काळासाठी किनाऱ्याने सुकी मासळी ठेवलेली असते. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत बोंबील, वाकट्या, जवळा, सोडे उन्हात वाळतात. पावसाची झड लागली की सुक्या बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी, कायस्थांच्या घरी सोड्यांची खिचडी. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. तिचा वास डब्यातून बाहेर आला की आख्खं घर जेवायला येतं. बाहेरगावच्या लोकांना सुक्या मासळीचा वास उग्र वाटतो, पण एकदा कांद्यात-लसणीत परतलेला जवळा गरम भाकरीसोबत खाऊन बघा आणि मग मत ठरवा.

दुसरी गोष्ट रानभाज्या. जूनच्या पहिल्या पावसानंतर कातकरी आणि ठाकर बायका पेण, अलिबाग, रोह्याच्या बाजारात शेवळं घेऊन बसतात. शेवळं घशाला खाजतात, म्हणून सोबत काकडं नावाची आंबट फळं देतात. त्या दोघांची गाठ पडली की खाज जाते. कायस्थ घरांत शेवळांत खिमा किंवा कोलंबी घालतात. त्यानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी येतात. भाजी कशी साफ करायची ते विकणाऱ्या बाईलाच विचारा. तिच्याइतकं कोणाला माहीत नसतं, आणि ती मनापासून सांगते.

पहिल्या पुराबरोबर ओढ्यांतून आणि शेतांतून वर चढणाऱ्या माशांना वलगणीचे मासे म्हणतात. ते गाबोळीने भरलेले असतात. चव मोठी असली तरी ते अंडी घालायला निघालेले असतात, म्हणून हा एक मोह आवरावा असं मला मनापासून वाटतं.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या नेहमीच्या लाँच पावसात बंद असतात. २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून सुरू झालेली रो-रो बोट किंवा वडखळमार्गे रस्ता, असा बेत करा.

प्रश्न (कोल्हापूर) : पोपटी, पोपटी म्हणतात ते नेमकं काय? आणि पाहुण्याला ती मिळते का?

पोपटी हा पदार्थ आहे आणि शेतातली रात्रही आहे. भाताची कापणी झाली की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर, पाणी न देता वाल पेरतात. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत त्याला हिरव्या शेंगा लागतात. याच दिवसांत बांधाबांधावर भांबुर्डीचा पाला उगवतो. त्याला ओव्याशी मिळताजुळता उग्र वास असतो. शेंगा आणि पाला एकाच वेळी येतात आणि जातात. म्हणून पोपटीचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचाच.

मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, कांदे, रताळी, अंडी. मांसाहारी असेल तर आलं-लसूण-मिरचीचं वाटण लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून मध्ये. पुन्हा शेंगांचा थर, आणि तोंड भांबुर्डीनेच गच्च बंद. पाणी नाही, तेल नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा, गवऱ्या, सुक्या काटक्या रचून पेटवायचं. शेंगांमधलाच ओलावा वाफ होतो आणि पाल्याचा वास घेऊन सगळं शिजवतो. अर्ध्या-पाऊण तासाने जाणता माणूस मडक्यावर पाण्याचे थेंब उडवतो. चर्र आवाज नीट आला की काठीने मडकं बाजूला काढतात आणि केळीच्या पानावर ओततात.

पाहुण्याला मिळते. हल्ली शेतघरं आणि घरगुती खानावळी सांगून ठेवल्यावर लावतात. पण मडकं किमान सात-आठ जणांचं, म्हणून गट करून जा. आधी वेळ काढून शेंगा निवडायला, पाला गोळा करायला बसा. पोपटीची गंमत निम्मी तिथे असते. ताट-वाटी मागू नका. सगळ्यांनी पानाभोवती बसून शेंग दातांनी ओढायची, सालं शेकोटीत टाकायची. आणि उन्हाळ्यात कोणी ‘पोपटी’ देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा. वालाच्या शेंगा आणि भांबुर्डी नसलेल्या मडक्याला पोपटी म्हणता येत नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आमचं कुटुंब पूर्ण शाकाहारी आहे. किनाऱ्यावर आमच्यासाठी काय?

बरंच काही. पहिला मान वालाच्या बिरड्याचा. कडवे वाल भिजवून, मोड आणून, एकेक साल काढून, खोबरं, आमसूल आणि गुळाच्या बेताने केलेलं बिरडं हे या जिल्ह्याचं खास पक्वान्न. सोलायला तास लागतो, म्हणून तेही आदल्या दिवशी सांगून ठेवा.

दुसरा अलिबागचा पांढरा कांदा. भातानंतरच्या जमिनीत, कार्ले, खंडाळे, वाडगाव, नेहुली या गावांच्या परिसरात तो होतो. गोडसर, कमी झोंबणारा, कच्चा खाण्यासाठीच जणू घडलेला. २०२२मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते आणि बायका त्याच्या पातीसकट सुबक वेण्या घालतात. त्या वेण्या घरात टांगून ठेवल्या की टिकतात. बाजारात दुसरीकडचा पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकला जातो, तेव्हा शक्यतो त्या गावांच्या रस्त्यावर शेतकऱ्याकडूनच घ्या.

दक्षिणेला दिवेआगर-श्रीवर्धनकडे गेलात तर केळीच्या पानावरचं ब्राह्मणी जेवण मिळेल : डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये वरण-भात आणि त्यावर तूप. सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. दिवेआगरला १९९७मध्ये बागेत सोन्याचा गणेशमुखवटा सापडला, तेव्हापासून पाहुण्यांची रीघ वाढली आणि घराघरांतल्या बायकांच्या मोदकांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. २०१२मध्ये मुखवट्याची चोरी झाली, २०२१मध्ये तो पुन्हा बसवला गेला. मधल्या काळातही मोदक करणारे हात थांबले नाहीत.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचं, म्हणजे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं गाव. तिथली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. मोठी, आतून पांढरी, चावायला मऊ. जेवणानंतर ती कातरून देतात. ३ जून २०२०ला आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळीला फळ धरायला वर्षं लागतात. वाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्या बागायतदारांकडून चार सुपाऱ्या, दोन नारळ विकत घेणं हे पाहुण्याचं लहानसं पण खरं कर्तव्य आहे.

प्रश्न (मुंबई) : अलिबागमध्ये ‘इस्रायल आळी’ अशी पाटी पाहिली. तिथल्या लोकांचं जेवण वेगळं होतं का?

होतं, आणि ते पूर्ण मराठी होतं. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले. तिथे त्यांचं स्मारक आहे. गावोगाव ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. किहीमकर, पेणकर, चेऊलकर, नवगावकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावं वाचली की याच किनाऱ्याची गावं समोर येतात.

त्यांच्या धर्मनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. कोकणात त्यावर नारळाच्या दुधाचा उपाय हाताशी होता, म्हणून मटणाच्या जेवणातही गोड पदार्थ आणि रस्से नारळाच्या दुधात झाले. ज्या माशाला खवलं आणि पर आहेत तोच खायचा. त्यामुळे कोलंबी, चिंबोरी, मुशी, शिंगाळा वर्ज्य. किनाऱ्यावर राहून कोलंबीला हात न लावणं ही साधी गोष्ट नाही, आणि त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली.

त्यांचा सर्वांत हृद्य विधी मलिद्याचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा असं ताटात मांडून भोवती फळं ठेवतात आणि एलियाहू हन्नावी म्हणजे प्रेषित एलिया याचं स्मरण करतात. लग्न, बारसं, नवस फिटणं, प्रवासाला निघणं, सगळ्याला मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाच्या शोकदिवशी ते उपास सोडताना वालाचं बिरडं खात, आणि त्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणत. जगात इतरत्र त्या दिवसाची आठवण वेगळ्या अन्नाने होते; रायगडमध्ये ती वालाने झाली.

१९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. दिमोना, लोद, रामले इथल्या मराठी घरांत आजही मलिदा होतो. अलिबागचं मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर उभं आहे. आत जायचं तर आधी विचारा, डोकं झाका, शनिवारी फोटो काढू नका.

प्रश्न (न्यू जर्सी) : आम्ही मेक्सिकोच्या युकातानमध्ये फिरून आलो. केळीच्या पानात बांधून जमिनीत शिजवलेलं मांस खाल्लं आणि गावची पोपटी आठवली. हा योगायोगच ना? पुन्हा जाताना तिथल्या कोणत्या रीती लक्षात ठेवू?

शिजवण्याची युक्ती दोन्हीकडे स्वतंत्र सुचलेली दिसते. तिथे माया लोकांच्या भट्टीला पिब म्हणतात. शेंदरीच्या बिया आणि आंबट नारिंगाच्या रसात मुरवलेलं डुकराचं मांस पानात गुंडाळून तापलेल्या दगडांवर पुरायचं. त्यात रसदार शेंगा आणि भांबुर्डी नाहीत. वाफ मात्र तशीच, पानाच्या आत कोंडलेली.

पण सामानात खरंच नातं आहे. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, पपई, चिकू ही सगळी मूळची मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशाची. पोपटीतला बटाटा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज जहाजांनी अमेरिकेतली पिकं भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणली. चौलला त्यांनी १५२१मध्ये किल्ला बांधायला घेतला, तो १७४०मध्ये मराठ्यांकडे आला. निकितीन चौलला उतरला तेव्हा इथल्या कालवणात मिरची नव्हती. तिखटपणा मिऱ्याचा, पिंपळीचा आणि आल्याचा होता. आज मिरचीशिवाय आगरी-कोळी मसाल्याची कल्पनाही होत नाही. वाल, तांदूळ आणि नारळ आधीपासून होते, मिरची त्यांच्यात येऊन मिसळली.

भाकरीकडेही बघा. मक्यात आणि तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याची भाकरी करतात. त्याने पिठाला धरण येते आणि पोषणही वाढतं. रायगडमध्ये तांदळाच्या पिठाला उकळत्या पाण्यात उकड काढतात, मग ते मळलं जातं आणि पाण्याच्या हाताने थापता येतं. एकाच अडचणीवर दोन प्रदेशांनी काढलेले दोन उत्तम तोडगे.

मेक्सिकोत मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असतं, रात्रीचं हलकं. किनाऱ्यावर कच्च्या माशाला लिंबाचा रस लावून करतात तो पदार्थ दुपारीच खातात, मासळी सकाळची ताजी असताना. उठताना शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांनाही ‘प्रोवेचो’ म्हणायची पद्धत आहे. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण न मागता आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. बक्षीस दहा ते पंधरा टक्के ठेवतात. तिथेही प्रांताप्रांताचं जेवण वेगळं : वेराक्रूसला टोमॅटो-ऑलिव्हमधला मासा, ओआहाकाला मोलेचे दाट रस्से, नायारितच्या किनाऱ्यावर उभा चिरून निखाऱ्यावर भाजलेला मासा. २०१०मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. त्या मानात मक्याचं शेत, ते पेरणारी माणसं आणि दळणाऱ्या बायका सगळं धरलेलं आहे. आपल्या खारेपाटाकडे, वाडीकडे आणि डोल जाळ्याकडे आपण त्याच आदराने पाहायला हवं.

प्रश्न (लातूर) : बाजारातून मासे घेऊन करून घ्यायचे आहेत. फसवणूक कशी टाळावी? आणि आमच्या पैशाचा गावाला उपयोग व्हावा असं वाटतं.

बहुतेक ठिकाणी मासळी विकायला कोळणी बसतात, आणि त्यांच्याकडे बारीक मासा वजनावर न विकता वाट्यावर विकला जातो. घासाघीस करायला हरकत नाही, पण हसतमुखाने आणि एकदाच. मासा हाताळण्याआधी ‘बघू का?’ विचारा. कल्ले लाल, डोळा पारदर्शक आणि फुगलेला, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारं, हे ताज्याचं लक्षण. चिंबोरी जिवंत आणि हाताला जड लागणारी घ्या. तिसऱ्यांची तोंडं मिटलेली हवीत. साफ करून देण्याचे पैसे वेगळे असतात. ती कसबाची मजुरी आहे, त्यात घासाघीस करू नका. करून देणाऱ्या खानावळीला आधी सांगा आणि मसाला-मजुरीचा दर ठरवून घ्या.

गावाला उपयोग व्हावा असं खरंच वाटत असेल तर पहिली गोष्ट, वीतभरही न झालेलं पापलेट किंवा सुरमईचं पिल्लू घेऊ नका. राज्य सरकारने २०२३मध्ये पन्नासहून अधिक जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. पिल्लू ताटात आलं की पुढच्या वर्षीचा मासा गेला. दुसरी, मागणी पसरवा. सगळे पाहुणे तीनच मासे मागतात, म्हणून त्यांचे भाव चढतात आणि जाळ्यात आलेल्या बाकीच्या मासळीला मोल मिळत नाही. तुम्ही मांदेली, ढोमी, बोईट मागितलं तर लहान होडीवाल्याच्या पूर्ण फेरीला किंमत येते. तिसरी, कांदा, वाल, सुपारी, आगळ, सुकी मासळी पिकवणाऱ्या किंवा वाळवणाऱ्या माणसाच्या हातून घ्या.

किनाऱ्यावरचं जेवण टिकतं ते खाडी, तळं, वाडी आणि भाताचं शेत टिकल्यावर. जागेचे भाव वाढत असताना ती राखणं मालकाला परवडलं पाहिजे. हंगामातलं मागणारा, सांगून येणारा आणि रास्त दाम देणारा पाहुणा त्या मालकाच्या बाजूने उभा राहतो. म्हणून रायगडला येताना भूक घेऊन या, आणि तिथी, वार, हंगाम बघून या.